वेंडल धुणं धुतो तेव्हा

नॉल्टन ज्युनिअर कॉलेजच्या बेसबॉल टीमला तीन कोच होते, आणि तिघांत मिळून डोकं एकच, तेही आळीपाळीने वापरतात, असं गावातले लोक म्हणायचे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! पण एवढं खरं की कॅन्सस राज्याच्या त्या वाऱ्या-धुळीच्या कोपऱ्यात या तिघांइतकी वेडी माणसं दुसरी सापडली नसती.

मुख्य कोच गस स्टेकलाइन. साठी उलटलेला, सूर्यफुलाच्या बिया चघळून चघळून जबडा एका बाजूला सरकलेला. त्याच्या टोपीला कधी पाणी लागलं नव्हतं. मैदानावरच्या चुन्याच्या रेघेवर चुकून पाय पडला तर हा माणूस पुन्हा मागे जाऊन नव्याने यायचा. दुसरा ओरिन हाफर, पिचर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पोरांचा कोच. देह असा की बसच्या ड्रायव्हरच्या सीटवर तो बसला की बस त्या अंगाला कलायची. आणि तिसरा आपला वेंडल क्रूपा.

वेंडल बॅटिंग शिकवायचा. शिवाय गवत कापायचा, रेघा आखायचा, हॉस्टेलवर पोरांच्या मारामाऱ्या सोडवायचा, आणि ओरिनला डुलकी लागली की बससुद्धा हाकायचा. ज्युनिअर कॉलेजात असंच असतं. पण हे सगळं तो ज्या एका गोष्टीसाठी करत होता ती म्हणजे तिसरा बेस. धाव पुरी करायला पोराला मैदानाच्या तीन कोपऱ्यांवरचे तीन बेस ओलांडून पुन्हा सुरुवातीच्या जागी, होमला यावं लागतं. सामना चालू असताना तिसऱ्या बेसशेजारी एक कोच उभा असतो. आपला पोरगा जीव खाऊन पळत येतो तेव्हा त्याला मागचं दिसत नाही. चेंडू कुठे आहे, कोणाच्या हातात आहे, काही नाही. त्याला फक्त हा कोच दिसतो. कोचने हात गरगर फिरवला की सुटायचं घराकडे, म्हणजे होमकडे, धाव काढायला. दोन्ही हात वर केले की जागच्या जागी थांबायचं. निर्णयाला वेळ म्हणाल तर शिंक येण्याइतका. वेंडलला त्या क्षणाचं व्यसन होतं. फेकणाऱ्याच्या पायांकडे बघून तो ओळखायचा की आता चेंडू कसा येणार, आणि सहसा चुकायचा नाही.

तर अशा या माणसाला गसने धुण्याला लावलं.

झालं असं. वसंतात टीम हरत सुटली होती. दर शनिवार-रविवारी पराभव, दर वेळी एक नवीन कारण. त्यात कॉलेजचं धुण्याचं यंत्र मेलं. एका दुपारी सामना हातातून गेल्यातच जमा होता, तेव्हा गस वेंडलवर खेकसला, "इथे नुसता उभा राहून काय करतोयस? उद्याचे कपडे चिखलाने भरलेत, गावातल्या त्या नाणं टाकायच्या लाँड्रीत जा आणि धुऊन आण." वेंडल गेला. तासाभराने कपडे घेऊन परतला तर पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. हरलेला सामना फिरला होता!

दुसऱ्या दिवशी वेंडल नेहमीसारखा तिसऱ्या बेसजवळ उभा राहिला. पहिल्याच डावात समोरच्यांनी धुव्वा उडवला. गसने एक बी थुंकली, सावकाश मान वळवली आणि विचारलं, "वेंडल, धुवायचं काही राहिलंय का रे?"

"नाही कोच. सगळं स्वच्छ आहे."

"मग घाण कर आणि धू."

तो सामना जिंकले. त्याच्यानंतरचा जिंकले. त्याच्यानंतरचाही. आणि मग गसने नियमच करून टाकला: सामना चालू असेपर्यंत वेंडल लाँड्रीत, आणि यंत्र फिरतं. रिकामं यंत्र चालणार नाही, त्याने देव फसत नाही. एकदा यंत्र मधेच थांबलं तर नेमक्या त्याच वेळी समोरच्यांनी तीन धावा काढल्या, त्यामुळे गस मैदानातून फोन करून विचारायला लागला, "फिरतंय ना?" परगावी सामना असला की बस आधी त्या गावच्या लाँड्रीसमोर थांबायची, वेंडल गाठोडं घेऊन उतरायचा आणि मग बस मैदानाकडे जायची. पुढे पुढे मळके कपडे पुरेनात. पोरांनी हॉस्टेलच्या चादरी दिल्या, पडदे दिले, बसच्या सीटची कव्हरं काढून दिली. आख्ख्या राज्यात इतकी स्वच्छ टीम कधी झाली नसेल, आणि टीम जिंकत होती, जिंकतच होती! तिसऱ्या बेसवर कोण, तर ओरिन. ओरिनला जेवायची घाई असायची. पळत येणारा दिसला की हा डोळे मिटून हात फिरवायचा. नशिबाने सगळे पोचत होते.

बरं, वेंडलने हे घरी सांगितलं नव्हतं, आणि इथेच त्याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

त्याची बायको मार्लीस वृद्धाश्रमात नर्स. शनिवार-रविवार तिची ड्यूटी, त्यामुळे त्या वर्षी तिने एकही सामना पाहिला नव्हता. रात्री जेवताना ती विचारायची, "काय झालं आज?" आणि वेंडल रेडिओवर ऐकलेलं सगळं असं रंगवून सांगायचा की जणू हा तिथेच उभा होता. मी हात असा फिरवला, मी त्याला असा थांबवला. पहिल्या दिवशी नुसतं तोंडातून निघून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सुधारायला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ते आपोआप यायला लागलं.

"तुझ्या अंगाला लव्हेंडरचा वास कसा येतो रे?" ती एकदा म्हणाली. "बाकीच्यांचे नवरे मैदानावरून घामेजून येतात."

"नवीन साबण आहे कॉलेजात," वेंडल म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

मार्लीसचा भाऊ डेनिस ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा. दुकान मोठं, आणि काउंटरवर एक जागा त्याने वेंडलसाठी राखून ठेवली होती. मे महिन्याअखेर सांगा म्हणाला. मार्लीसने बरेच दिवस तोंड उघडलं नाही, मग एका रात्री भांडी पुसता पुसता म्हणाली, "तू पहाटे जातोस, रात्री येतोस. मी घरात एकटी टीव्हीशी बोलते. मी रजा टाकलीय. शनिवारी फायनलला येणार. तू तिथे काय करतोस ते एकदा माझ्या डोळ्यांनी बघणार. त्यासाठी एवढं सोसावं असं मला वाटलं तर ठीक. नाही वाटलं तर सोमवारी तू डेनिसकडे."

"चालेल," वेंडल म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी तो गसच्या खोलीत गेला. ओरिन तिथेच कोपऱ्यात सँडविच खात बसला होता.

"कोच, उद्या एक दिवस मला तिसऱ्या बेसवर उभं राहू द्या."

गसने चघळणं थांबवलं. "तुझी तब्येत बरी आहे ना?"

"मार्लीस येतेय." वेंडलने डेनिसच्या दुकानासकट सगळं सांगून टाकलं. "तिला तिथे मी दिसलो नाही तर माझं कोचिंग संपलं. खरंच संपलं."

"मी या कॉलेजात म्हातारा झालो, वेंडल," गस म्हणाला. "एवढ्या वर्षांत एकदाही फायनल जिंकलेलो नाही. आता सगळं जुळून आलंय आणि तू म्हणतोस यंत्र बंद ठेवा? माझी बायको मला सोडून गेली ना, त्या आठवड्यात आम्ही जिंकत होतो. मी तिला थांब म्हणायलासुद्धा गेलो नाही. म्हटलं काही बदललं तर?"

"मग?"

"मग काय, हरलोच. पण तो मुद्दा नाही."

"कोच, पण ओरिन सगळ्यांनाच पुढे पाठवतो. कधीतरी हे अंगाशी येईल."

"मला हौस आहे का तिथे उभं राहायची?" ओरिन तोंडात घास असतानाच म्हणाला. "माझे पाय बघ, सुजून भोपळे झालेत. पण जिंकतोय ना बाबा!"

गसने हात झटकला. "जायचंय तर जा. ट्रॅक्टर विकत बस. पण उद्या संध्याकाळनंतर." एवढं बोलून त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि वेंडल जाईपर्यंत वळवलं नाही.

बाहेर आल्यावर ओरिनला त्याची दया आली. दोघांनी मिळून अक्कल चालवली आणि युक्ती अशी काढली की ओरिनने वेंडलचं जॅकेट घालायचं, टोपी नाकापर्यंत ओढायची, आणि मार्लीसला लांबच्या बाजूला बसवायचं. जॅकेट ओरिनच्या एका हातात कसंबसं गेलं, दुसऱ्याला शिवण उसवली. "लांबून कळणार नाही," ओरिन म्हणाला. "तिला वाटेल, उन्हाने फुगलास."

शनिवारी बार्लो कॉलेजशी सामना सुरू झाला तेव्हा वेंडल लाँड्रीत होता. लाँड्रीच्या मालकीणबाई आयडा, चष्मा कपाळावर चढवलेल्या, रेडिओचा आवाज मोठा करून बसल्या होत्या. त्यांना आता सामन्यांची चटक लागली होती.

"अरे, आज चेहरा का पडलाय तुझा? बायकोला सांगितलंस का नाही?"

"नाही आयडाबाई."

"बोंबला!" आयडाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी यंत्रात साबण घातला.

रेडिओवर बोलणारा माणूस आठवडाभर गुरांचे लिलाव पुकारायचा, त्यामुळे सामनाही त्याच दमात पुकारायचा. नॉल्टनच्या पोराने चेंडू उडवला, तो दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे निघाला, आणि वेंडलचं भान सुटलं. तो गरगर फिरणाऱ्या कपड्यांसमोर गुडघे वाकवून उभा राहिला, डोळे दूर कुठेतरी लावले आणि उजवा हात खांद्यातून निखळेल असा फिरवायला लागला. "चल चल चल चल! मागे बघू नकोस! चल बाळा!" रेडिओ ओरडला, सेफ, पोचला! वेंडलने हवेत उडी मारली आणि खाली येता येता दारात उभ्या असलेल्या मार्लीसला पाहिलं.

तिने टीमच्या रंगाचा, गडद निळा लोकरीचा स्वेटर घातला होता. नवा दिसत होता. हातात भुईमुगाच्या शेंगांची पुडी होती आणि चेहरा वादळाआधीच्या आभाळासारखा.

"तो जाड्या तू नाहीस हे मला पार्किंगमधूनच कळलं," ती म्हणाली. "शेंगदाणेवाल्याला विचारलं, माझा नवरा कुठाय? तो म्हणाला, वेंडल ना, लाँड्रीत असणार. त्याने असं सांगितलं, वेंडल, जसं चर्च कुठे आहे ते सांगतात. आख्ख्या गावाला माहितीये! एक मी सोडून!"

"मार्लीस, ऐक तरी..."

"मला वाटलं होतं कोणी बाई आहे! लव्हेंडरवाली!"

"मी आहे की," आयडाबाई म्हणाल्या. "पण माझं वय सत्त्याहत्तर."

मार्लीसने त्यांच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग यंत्राकडे. वेंडलने सांगायला सुरुवात केली आणि एकदा सुरू झाल्यावर थांबला नाही. पहिला दिवस, गसचा नियम, पडदे, सीटची कव्हरं, रोज रात्रीच्या थापा, सगळं. "मी खोटं बोललो, कारण मला तिथेच असायचं होतं. बोलताना मला वाटायचं, मी होतो तिथे. लाज वाटते मला. तुला जे ठरवायचं ते ठरव."

ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि शेंगा सोलायला लागली. आयडाबाईंनी तिला कॉफी दिली. रेडिओ चालूच होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आत्ता हात का फिरवत होतास?"

"त्यांचा डावीकडचा पोरगा पळत पळत चेंडू उचलतो तेव्हा फेक कमजोर येते. पण एका जागी पाय रोवून फेकली तर गोळी. रेडिओवाला म्हणाला, पळत उचलला. म्हणजे पाठवायचं."

"आणि आता? हा बार्लोचा जो पळतोय?"

वेंडलने डोळे मिटून ऐकलं. "थांबवतील याला." आणि रेडिओ म्हणाला, थांबवलं. मार्लीसने खुर्ची थोडी जवळ ओढली. नंतर ती दर वेळी आधी स्वतः सांगून बघायला लागली, चुकली की चिडायला लागली, आणि एकदा बरोबर आली तेव्हा तिने आयडाबाईंच्या पाठीत अशी थाप घातली की त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

शेवटच्या डावाच्या तोंडाशी नॉल्टन एका धावेने पुढे होतं आणि बॅटिंग बार्लोची होती. तेवढ्यात यंत्र खडखडलं आणि थांबलं. वेंडल लगबगीने गाठोड्याकडे वळला. गाठोडं रिकामं. बोलण्याच्या नादात त्याने सगळं आधीच धुऊन टाकलं होतं! रेडिओवर बार्लोने लागोपाठ दोन धावा काढल्या आणि फोन वाजला.

"यंत्र थांबलंय!" गसचा आवाज फाटला होता. "मला इथे कळलं! थांबलंय ना?"

"कोच, धुवायला काही उरलं नाही."

"काही म्हणजे काहीही! पँट काढ!"

आयडाबाई पडद्याच्या दोऱ्या सोडायला स्टुलावर चढायला लागल्या. वेंडल खरोखरच पट्ट्याला हात घालत होता. तेवढ्यात मार्लीसने डोक्यावरून स्वेटर ओढून काढला आणि यंत्राच्या तोंडात कोंबला.

"अगं, लोकरीचा आहे! नवा आहे! आटून बाहुलीचा होईल!"

"नाणं टाक, वेंडल," ती म्हणाली. आत तिचा पातळ बनियन होता. तिने धुतलेल्या ढिगातून टीमचा एक शर्ट उचलला आणि अंगात घातला. "टाक म्हणते ना!"

यंत्र फिरायला लागलं. बार्लोची दोन धावांवरच बोळवण झाली. आता नॉल्टनची शेवटची बॅटिंग, एक धाव कमी. एक पोरगा बाद झाला. दुसरा दुसऱ्या बेसवर पोचला. तिसरा बॅट घेऊन उभा राहिला, आणि त्याच्यामागून यायचा होता विल्फ्रेदो, डॉमिनिकन पोरगा, ज्याची बॅट वेंडलने सहा महिने घासून घासून अशी केली होती की त्या दिवशी त्याला कोणी बाद करू शकलं नव्हतं.

रेडिओवाला किंचाळला. फटका! डावीकडे! दुसऱ्या बेसवरचा सुटला, तिसऱ्याकडे येतोय, डावीकडच्या पोराने चेंडू अडवला, पाय रोवले...

"थांबव!" वेंडल ओरडला. दोन्ही हात वर, पायाच्या बोटांवर उभा. "थांबव त्याला! ओरिन, थांबव!"

"थांबव रे जाड्या!" मार्लीस ओरडली. तिचेही दोन्ही हात वर होते.

पण रेडिओ म्हणाला की तिसऱ्या बेसवरच्या कोचचा हात फिरतोय, फिरतोय, जॅकेट खांद्यात फाटलंय, पोरगा घराकडे निघालाय, आणि चेंडू त्याच्या कितीतरी आधी येऊन पोचलाय. बाद. इकडे फटका मारणारा पोरगा त्या गोंधळात दुसरा बेस गाठायला गेला, तोही बाद. तीन बाद, खेळ खलास. विल्फ्रेदो बॅट खांद्यावर घेऊन तसाच उभा असल्याचं रेडिओवाल्याने सांगितलं, आणि तो पहिल्यांदाच गप्प झाला.

वेंडल जमिनीवर बसला. त्याला रडू येत होतं आणि ते कोणासाठी हे त्याला सांगता आलं नसतं. पोरांसाठी, गससाठी, की सोमवारी घालाव्या लागणाऱ्या डेनिसच्या दुकानातल्या पिवळ्या शर्टासाठी.

फोन वाजला. वेंडलने कानाला लावला.

"थांबलं होतं का?" गसने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "खरं सांग. शेवटी यंत्र थांबलं होतं का?"

वेंडलने बघितलं. काचेआड निळा स्वेटर गरगर फिरत होता. "नाही कोच. फिरतंय अजून."

पलीकडे म्हातारा माणूस एवढा मोठा हिशेब मनात उलटा करत होता. तेवढ्यात मार्लीसने फोन वेंडलच्या हातातून हिसकावून घेतला.

"कोच स्टेकलाइन, मी मार्लीस क्रूपा. यंत्र चालू होतं, माझा नवा स्वेटर होता त्यात. तिसऱ्या बेसवर माणूस नव्हता, म्हणून हरलात! याने पोराला थांबवलं असतं, मी स्वतः बघितलं, याने इथून थांबवलं होतं! तुम्ही त्याला मोजे धुवायला बसवलंत, लाज नाही वाटत? पुढच्या वर्षी हा तिथे उभा राहणार, मी समोर बसून बघणार, आणि तुमचं धुणं तुम्ही धुवा. त्या टोपीपासून सुरुवात करा!"

वेंडलने मान वर केली. पुढच्या वर्षी, असं ती म्हणाली होती. त्याने ते नीट ऐकलं होतं, तरी त्याला ते पुन्हा ऐकायचं होतं.

फोनमध्ये मागे कोणीतरी नाक शिंकरलं; ओरिन असावा.

"म्हणजे," गस शेवटी म्हणाला, आणि सामना हरलेल्या माणसाचा तो आवाज वाटेना, "तो राहतोय?"

मार्लीसने खाली बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

"राहतोय," ती म्हणाली.